आधी पाच की आधी वीस?

श्रोतेहो, आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा तोंडातून आधी पाच बाहेर पडतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोनाचा आकडा मांडतो आणि मग पाचाचा. बोलताना लहान आधी, लिहिताना मोठा आधी. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ते आपल्याला आठवत असेल. आजचा विषय संगणकाचा आहे. मी कवितेच्या प्रांतातला माणूस. पण या विषयाची किल्ली पंचविसातच आहे, म्हणून बोलायचे धाडस करतो.

कोबोल, सी, जावा, पायथॉन, गो यांना आपण संगणकाच्या भाषा म्हणतो. खरे तर त्या माणसांच्या सोयीच्या भाषा आहेत. यंत्राच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, फक्त त्याच्या घडणीतल्या आज्ञा कळतात. मध्ये दुभाषा लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. प्रोसेसरचे घराणे बदलले की दुभाषाही नवा शिकवावा लागतो. आपल्या टेबलावरचा संगणक बहुधा इंटेलच्या घराण्यातला आणि खिशातला फोन आर्मच्या. पण मोठ्या बँकांच्या तळघरांत आयबीएमचे मेनफ्रेम अजून राबत आहेत. त्यांची वंशावळ १९६४ सालच्या सिस्टिम ३६० पर्यंत जाते. शिवाय पॉवर आहे, रिस्क-फाइव्ह नावाचे नवे घराणे आहे. या कमी वापरातल्या यंत्रांवर नव्या भाषा कशा चालतात, आणि का अडतात?

एकच मजकूर सगळ्या यंत्रांवर चालावा, हे स्वप्न जुने आहे. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमध्ये लिहिलेला एकच प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवला गेला. १९९५ साली जावा आली, ती ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ अशी द्वाही फिरवत. पण या ‘कुठेही’ची मेख अशी, की तिथे जावाचा दुभाषा कुणीतरी आधी बसवलेला असावा लागतो. रस्ता आपोआप होत नाही. कुणीतरी खडी टाकलेली असते.

आता आपल्या पंचविसाकडे येऊ. मोठी संख्या साठवायला संगणकाला एकापेक्षा जास्त खण लागतात. इंटेलचे यंत्र लहान भाग पहिल्या खणात ठेवते. मेनफ्रेम मोठा भाग पहिल्या खणात ठेवते. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने या भांडणावर एक मिस्कील लेख लिहिला. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या १७२६ सालच्या पुस्तकात उकडलेले अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढाया होतात. तिथली नावे उचलून त्याने या दोन पंथांना बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन म्हटले. ती नावे कायमची चिकटली.

गंमत म्हणून ऐकायला हे ठीक. पण दोन खणांत ठेवलेला १ उलट बाजूने वाचला तर तो २५६ होतो. एखादा प्रोग्रॅम इंटेलवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला असतो. लिहिणाऱ्याने मनाशी धरलेले असते, की सगळी यंत्रे माझ्या यंत्रासारखीच. तोच प्रोग्रॅम मेनफ्रेमवर नेला की हिशेब कोसळतो. ही चूक मेनफ्रेमची नाही. ती आधीपासून होतीच. वेगळ्या यंत्राने ती उघडी पाडली. म्हणून जाणते प्रोग्रॅमर आपले काम मुद्दाम अशा वेगळ्या यंत्रावर तपासून घेतात.

माझ्या घरात उर्दू उजवीकडून लिहिली जाते आणि मराठी डावीकडून. उर्दूच्या त्या उलट्या ओळीतही आकडा मात्र डावीकडून उजवीकडेच मांडतात. तरी वाण्याचा हिशेब कधी चुकत नाही, कारण नियम दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. इंटरनेटनेही असाच तह केला आहे. त्याच्या मूळ नियमांत संख्या तारेवरून पाठवताना मोठा भाग आधी जातो. घरात प्रत्येकाने आपल्या रीतीने राहावे, चव्हाट्यावर ठरल्याप्रमाणे बोलावे.

अक्षरांचीही तीच कथा. मेनफ्रेमच्या जुन्या अक्षर-संकेतात इंग्रजी ‘आय’नंतरच्या घरात ‘जे’ नसतो. मध्ये रिकामी घरे आहेत. अक्षरे सलग असणार असे गृहीत धरलेला प्रोग्रॅम तिथे ठेचकाळतो. आपण मराठी लोकांनी हे भोगले आहे. युनिकोड रुळण्याआधी एका फॉन्टमध्ये टाइप केलेली कविता दुसऱ्या संगणकावर उघडली, की पडद्यावर नुसती गिचमीड दिसे.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्यूटर नावाच्या चिपवर. ती चिप काढणाऱ्या इनमॉस या ब्रिटिश कंपनीने तिच्या जोडीने ऑकॅम नावाची भाषाही घडवली होती. पुढे १९९८ चा परम १०००० सनच्या प्रोसेसरवर गेला, त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवरवर. ट्रान्सप्यूटर बाजारातून गेला आणि ऑकॅमही मागे पडली. सी मात्र घरोघरचे पाणी प्यायलेली, ती टिकली. एकाच यंत्राच्या पदराला बांधलेली भाषा त्या यंत्राबरोबर सती जाते.

पण उलटही होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथॉनच्या, सांकेतिक कुलपे सांभाळणाऱ्या एका प्रसिद्ध संग्रहाचा काही भाग रस्ट या नव्या भाषेत लिहिला गेला. रस्टमध्ये स्मृतीच्या वापरातले धोकादायक दोष टळतात, म्हणजे हेतू चांगलाच. पण रस्टचा दुभाषा अल्फासारख्या जुन्या प्रोसेसरांची बोली जाणत नव्हता. ती यंत्रे बाळगणारे एका रात्रीत दाराबाहेर उभे राहिले. मोठा वाद झाला. बनवणारे म्हणाले, आम्ही किती काळ मेलेली यंत्रे खांद्यावर वाहायची? वापरणारे म्हणाले, आमचे यंत्र तर चालू आहे!

मला दोघांचेही पटते. सुरक्षितता थांबवून ठेवता येत नाही, हे खरे. पण दार बंद करण्याआधी बाहेर कोण आहे ते पाहावे, एवढी अपेक्षा गैर नाही. आणि बाहेरच्यांनीही नुसती हाकाटी करून भागत नाही. २०१६ साली गो ही भाषा मेनफ्रेमवरच्या लिनक्सवर आली, ती आयबीएमच्या माणसांनी दुभाषा स्वतः घडवून दिला म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन लिनक्सने रिस्क-फाइव्हला अधिकृत पंक्तीत बसवले, तेही अनेकांच्या कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर.

श्रोतेहो, थोड्यांच्या यंत्राचे असो की थोड्यांच्या भाषेचे, दुखणे एकच असते: ‘सगळे माझ्यासारखेच’ हे बहुसंख्यांचे गृहीत. ते वाईट हेतूने धरलेले नसते. सवयीने धरलेले असते. त्याला उतारा दोनच. लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या अंगणात जाऊन आपले लिहिणे एकदा तपासून पाहावे. आणि थोड्यांनी आपला दुभाषा आपण तयार करावा. तो दुसरा कुणी करून देईल म्हणून वाट पाहत बसू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)