सुटी कोणाची?

एप्रिल सरत आला आणि परीक्षा आटोपल्या, कीं आपल्या घरांत एक निराळेंच वारें वाहूं लागतें. दप्तरें माळ्यावर जातात, कैरीचें पन्हें माठाशेजारीं येऊन बसतें, आणि "आपण कोठें जायचें?" हा प्रश्न दिवसांतून दहा वेळां कानांवर येतो. जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भांत त्याहूनही थोडें पुढें, शाळा बंद असतात. हे सहा-सात आठवडे लहान मुलांसह कसे घालवावे याविषयीं मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. दोन लहान मुलांचा बाप एवढाच माझा अधिकार. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. मला जें कांहीं कळलें आहे, तें माझ्या चुकांनींच मला शिकविलें आहे.

पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे: आजोळ. मामाच्या घरीं भावंडांच्या घोळक्यांत एखादें मूल अधिक झालें तरी कोणाच्या ध्यानांत येत नसे. त्या दिवसांचें वर्णन करतांना आपले डोळे पाणावतात. पण त्या घरांत आजी, मामी आणि मावशी पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढें असत, ही गोष्ट आपण सोयीस्करपणें विसरतों. आज पुष्कळांचें आजोळ त्याच शहरांत, चौथ्या मजल्यावर असतें. म्हणून शहरांतील कुटुंबांनीं दोन नव्या वाटा धरल्या आहेत. एक तंबू ठोकून मोकळ्या हवेंत राहण्याची, आणि दुसरी दूरच्या स्नेह्यांकडे चार दिवस जाण्याची. एका मे महिन्यांत आम्ही या दोन्ही वाटांनीं जाऊन आलों.

प्रथम तंबूविषयीं सांगतों. आम्ही अकोले तालुक्यांत भंडारदऱ्यास गेलों होतों. प्रवरा नदीवरील विल्सन धरण तेथें १९२६ सालीं पूर्ण झालें. त्याच्या मागें पसरलेला जलाशय आणि भोंवतालचे सह्याद्रीचे कडे पाहिले म्हणजे मन प्रसन्न होतें. निघण्यापूर्वीं मीं एका कागदावर व्यवस्थित कार्यक्रम आंखला होता. पहिल्या दिवशीं रंधा धबधबा, दुसऱ्या दिवशीं कळसूबाई! कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच. वाटेंत लोखंडी शिड्या. चार वर्षांच्या मुलाचे पाय केवढे असतात, याचा हिशेब मात्र त्या कागदावर कोठेंच नव्हता. उन्हाळ्यांत, धरणांतून पाणी सोडलेलें नसेल तर, धबधब्याच्या जागीं बहुतांशीं खडकच दिसतात, हाही विचार मीं केला नव्हता. शिवाय तंबू झाडाच्या सांवलींत न ठोकतां जलाशयाची शोभा दिसावी म्हणून उघड्यावर ठोकला. सकाळचे नऊ वाजले नाहींत तोंच त्याची भट्टी झाली.

मी कार्यक्रमाच्या गडबडींत असतांना चिरंजीवांनीं जलाशयाच्या कांठचें पाणी ओंजळीनें यथेच्छ पिऊन घेतलें. दुसऱ्या दिवशीं पहाटे त्याला जुलाब सुरू झाले. सुदैवानें माझ्या पत्नीनें सामानांत साखर, मीठ आणि चमचा आठवणीनें घेतला होता. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हें प्रमाण प्रत्येक आईबापानें पाठ करून ठेवावें. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो, म्हणून अंदाजानें टाकूं नये. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ पसरली असतांना डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाच्या अशाच द्रावणानें असंख्य प्राण वांचविले. आम्ही तें पाणी घोट घोट पाजीत राहिलों आणि गांवांतील डॉक्टरांनाही दाखविलें. मूल मलूल होऊं लागलें, पाणी पोटांत ठरेना, किंवा शौचांतून रक्त पडूं लागलें, तर घरगुती उपायावर विसंबून क्षणभरही थांबूं नये. दुपारपर्यंत आमच्या मुलाच्या डोळ्यांत तेज आलें. कळसूबाईचा बेत अर्थात् रद्द झाला.

आणि तोच दिवस आमच्या सुटींतील पहिला खरा दिवस ठरला. तंबू आम्ही एका जांभळीच्या सांवलींत हलविला. पत्नी आजारी मुलाजवळ बसली होती. तेव्हां पाणी आणणें आणि खिचडी शिजविणें माझ्याकडे आलें. मुलीनें काटक्या गोळा केल्या, चुलीसाठीं तीन दगड मांडले आणि राखेनें भांडीं घांसलीं. तिला इतकें रमलेलें मीं कोणत्याही धबधब्यापाशीं पाहिलें नव्हतें. तंबूंत स्वयंपाकघर नसतें, म्हणून स्वयंपाकघराची मालकीणही नसते. काम समोर दिसतें आणि ज्याचा हात मोकळा असेल तो तें करतो. खिचडी थोडी खालीं लागली होती. पण पत्नी म्हणाली, "किती दिवसांनीं आयता घांस मिळाला!" हें वाक्य ती सहज बोलली. मला मात्र तें सहज गिळतां आलें नाहीं.

त्या रात्रीं काजवे दिसले. मे अखेरीस, पावसाच्या अगदीं आधीं, तेथील हिरडा, बेहडा, उंबर अशा झाडांवर ते जमतात आणि सबंध झाड एकाच तालावर उजळतें व विझतें. नर काजवे मादीला खूण करण्यासाठीं हा प्रकाश पाडतात, आणि त्यांत उष्णता जवळजवळ नसते. विजेऱ्या आणि मोटारींचे दिवे यांनीं त्यांच्या खुणांत व्यत्यय येतो. आमचा मुलगा अंधाराला भितो. विजेरी त्याच्या मुठींत घट्ट धरलेली होती. "तुझा दिवा विझला कीं त्यांचे दिवे दिसतील," असें मी म्हणालों. त्यानें पुष्कळ वेळ विचार केला, मग आईचा हात धरला आणि बटण दाबलें. आईचे दोन्ही हात त्या वेळीं रिकामे होते, हें येथें मुद्दाम सांगतों.

इतकें शिकून आम्ही दापोली तालुक्यांत समुद्रकांठीं एका मित्राच्या घरीं गेलों, आणि उंबरठा ओलांडतांच मी सारें विसरलों. घरांत तीं चार माणसें आणि वृद्ध आजी. त्यांत आमची चौघांची भर. आमरस, पोळ्या, सोलकढी, उकडीचे मोदक. आदरातिथ्याला सीमा नव्हती. मित्र आणि मी ओटीवर गप्पा मारीत होतों. वहिनी पहाटे पांचापासून आंत होत्या, आणि भिडेस्तव माझी पत्नीही आंतच. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मुलीनें विचारलें, "बाबा, काकू समुद्रावर कधीं येतात?"

मी म्हणालों, "त्यांना काम असतें."

"मग आपण गेल्यावर येतील का?"

मित्रानें माझ्याकडे पाहिलें, मीं मित्राकडे. संध्याकाळचा स्वयंपाक आम्ही दोघांनीं करावा असें ठरलें. आजींनीं मात्र कडाडून विरोध केला. "पाहुण्याला चुलीशीं बसवलंत, तर गांवांत तोंड दाखवायला जागा उरणार नाहीं!" त्यांचा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, त्यांचें सारें आयुष्य त्या रीतीनें गेलें होतें. शेवटीं "आजी, तुम्ही सांगाल तसें करूं," असें म्हटल्यावर त्या पाट घेऊन दारांत बसल्या आणि हुकूम सोडूं लागल्या. कुळथाच्या पिठल्यांत गुठळ्या झाल्या. त्या पाहून आजी पदर तोंडाला लावून हंसल्या. मग त्यांचा विरोध उरला नाहीं.

वहिनी, माझी पत्नी आणि मुलें तेवढ्यांत समुद्रावर जाऊन आलीं. भरती-ओहोटीची वेळ विचारल्यावांचून आणि मुलांचा हात धरल्यावांचून त्या पाण्यांत उतरूं नये. वहिनींना ती वेळ ठाऊक होती. परत आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, कोणत्या बिळांत खेकडा आहे तें काकूंना बाहेरूनच ओळखतां येतें!" दोन दिवस त्यांच्या हातचें जेवून मला त्यांच्याविषयीं जें कळलें नव्हतें, तें मुलीला एका तासांत कळलें.

श्रोतेहो, लहान मुलांना सुटींत फारसें कांहीं लागत नाहीं. सांवली, स्वच्छ पाणी, वेळेवर झोंप, हातांना जमेल असें खरें काम, आणि ज्यांना घाई नाहीं अशीं मोठीं माणसें. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ आहे. कारण कोणीतरी एकटें राबत असेल तर त्या घरांत घाई असणारच. म्हणून दुसऱ्याकडे जातांना मुक्काम थोडा ठेवावा, एका वेळच्या स्वयंपाकाचा भार आपण उचलावा आणि मुलांना पानें मांडावयास लावावें. मुलें तें आनंदानें करतात; संकोच आपल्यालाच वाटतो.

यंदांचा बेत आंखतांना "कोठें जायचें?" हें अवश्य विचारा. पण त्याआधीं, या सुटींत कोणाकोणाला सुटी आहे, तें एकदां घरांत मोजून पाहा.