पैजेचें अंकगणित

क्रिकेटचा सामना दोन संघांत होतो. परंतु त्यावर पैज लावणाराची झुंज असते ती पैज घेणाराशीं. या झुंजीचा निकाल समजून घेण्यास शाळेंतील अंकगणित पुरेसें आहे.

समजा, दोन्ही संघ तुल्यबळ आहेत. न्यायानें रुपयास दोन रुपये परत मिळावयास हवेत. परंतु पैज घेणारा, ज्यास आपण बुकी म्हणतों, दोन्ही बाजूंस एक रुपया नव्वद पैसे एवढाच भाव देतो. एकानें एका संघावर हजार रुपये लाविले, दुसऱ्यानें दुसऱ्या संघावर हजार. जमा झाले २,०००. कोणीही जिंको, द्यावयाचे १,९००. उरलेले १०० बुकीचे. पैसा एका बाजूस फार झुकूं लागला कीं तो त्या बाजूचा भाव उतरवितो आणि दुसऱ्या बाजूचा चढवितो. एखाद्या सामन्यांत त्यास फटका बसेल. हजारों सामन्यांच्या हिशेबांत बहुधा तोच वर राहतो.

शेंकडा पांच ही तूट क्षुल्लक वाटते. पण खेळणारा एका पैजेवर थांबत नाहीं. हजार रुपये लावून जें परत येईल तें पुनः पुनः लावीत गेल्यास सरासरीनें दहा फेऱ्यांअखेर सुमारें ६०० रुपये उरतात, वीस फेऱ्यांअखेर सुमारें ३६०. चक्रवाढ व्याजाचेंच हें उलटें रूप. चार तुल्यबळ सामन्यांची सांखळी जोडून पैज लाविली, तर सोळापट मिळावयास हवें तेथें तेरापट मिळतें; तूट शेंकडा पांचांवरून साडेअठरांवर जाते. म्हणूनच अशा सांखळीची जाहिरात मोठी.

ब्रिटनमध्यें १९६० च्या कायद्यान्वयें १९६१ पासून पैजेचीं दुकानें उघडलीं. अमेरिकेंत १९९२ चा निर्बंध सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं रद्द केला व अनेक राज्यांनीं परवाने दिले. आतां दुकान खिशांतील मोबाइलमध्यें आलें आहे. सामना चालू असतां चेंडूगणिक भाव बदलतात. विचारास उसंत नाहीं. शिवाय, सातत्यानें जिंकणाराच्या पैजेवर अनेक कंपन्या मर्यादा घालतात, आणि हरणारास बक्षिसाचें आमिष दाखवून परत बोलावितात.

आपल्या देशांत संसदेनें २०२५ सालीं इंटरनेटवरील पैशाच्या खेळांस मनाई करणारा कायदा केला. चोरून चालणाऱ्या सट्ट्यांत तर आणखी एक मेख आहे. १८७२ च्या करार-कायद्यानें पैजेचा करार रद्दबातल ठरतो. जिंकलेली रक्कम न्यायालयांत मागतां येत नाहीं. हरलेली मात्र बुकीचीं माणसें दारांत उभीं राहून वसूल करतात.

हानि केवळ पैशाची नाहीं. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए यानें बुकींकडून पैसे घेतल्याचें २००० सालीं कबूल केलें व त्याच्यावर आजन्म बंदी आली. तेव्हांपासून सुटलेल्या सोप्या झेलाकडेहि प्रेक्षक संशयानें पाहूं लागला.

पालकांस व शिक्षकबंधूंस माझी एवढीच विनंती : मुलांस उपदेश करण्यापूर्वीं वरील हजार रुपयांचें उदाहरण त्यांच्याकडूनच पाटीवर सोडवून घ्यावें. प्रत्येक फेरीस शेंकडा पांच वजा करीत विसाव्या ओळीपर्यंत जावयास सांगावें. उत्तर मुलानें स्वतः काढलेलें असलें, म्हणजे तें त्याच्या लक्षांत राहतें.