तेझे येथील बंधुसंघ

मुलानें संन्यासाचा विषय काढला कीं घरांतील वडील मंडळींच्या छातींत धस्स होतें. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतांत तेझे नांवाचें खेडें आहे. तेथील ख्रिस्ती बंधुसंघांत जाणाऱ्या तरुणांच्या आईबापांचेंही असेंच होत असणार. त्यांतून आणखी एक शंका: मुलगा आपला पंथही सोडणार काय?

रॉजे शुट्स हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. १९४० सालीं ते स्वित्झर्लंडहून येथें आले आणि युद्धकाळांत त्यांनीं निर्वासितांस आसरा दिला. १९४९ च्या ईस्टरला सात जणांनीं आजन्म ब्रह्मचर्य व सामाईक जीवन पत्करलें. ते सारे प्रॉटेस्टंट. परंतु १९६९ पासून कॅथॉलिकही येऊं लागले. येणाऱ्यास मूळ पंथ टाकावा लागत नाहीं. ज्या पंथांतून शतकानुशतकें विस्तव जात नव्हता, त्यांचीं मुलें दिवसांतून तीन वेळां एकत्र प्रार्थनेस बसतात! डिसेंबर २०२३ मध्यें तर एक अँग्लिकन बंधु संघाचे प्रमुख झाले.

मला मात्र पैशाचा नियम अधिक कठीण वाटतो. संघ देणग्या घेत नाहीं. कुंभारकाम, पुस्तकें अशा स्वतःच्या श्रमांवर चालतो. कोणास वडिलोपार्जित मिळकत आली, तर तीही गोरगरिबांस जाते. वाटणीपायीं भाऊ भावाचें तोंड पाहत नाहीं, अशीं घरें आपल्यापैकीं प्रत्येकाच्या ओळखीचीं आहेत.

नवागतास लगेच आजन्म व्रत देत नाहींत. कांहीं वर्षें तयारींत जातात. हा अवधि आईबापांच्याही उपयोगाचा आहे, असें मला वाटतें.