सागाचा घेर आपणच मोजू
(प्रभागसंघाच्या सभेतलं बोलणं)

ताईंनो, साग लावायला कर्ज हवं म्हणून काही अर्ज आलेत. सोबत एजंटनं लिहून दिलेला हिशोब आहे, एकरात हजार झाडं गुणिले एका झाडाची किंमत. तो आधी तपासू.

दोन-दोन मीटरवर एकरी हजार रोपं बसतात, हे खरं. पण विरळणी करावीच लागते, नाहीतर सगळीच काटकुळी राहतात. मग शेवटी हजारानं गुणायचं कसं?

आता लाकूड किती ते बघू. शिवणाची टेप पुरते. समजा, सरळ ओंडका 3 मीटर आणि त्याच्या मध्यावर घेर 60 सेंटिमीटर. घेराचा चौथा भाग 15. म्हणून 0.15 × 0.15 × 3, म्हणजे 0.0675 घनमीटर. अडीच घनफूटसुद्धा नाही! त्यातही कोवळ्या सागात पांढरं लाकूड जास्त, त्याला पक्क्या लाकडाचा भाव कोण देणार?

आणि आपल्या धानाच्या बांधीत पाणी साचतं, ते सागाला सोसत नाही. निचरा असलेला धुरा चालेल. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या, तोडताना वनविभागाची परवानगी लागते.

अर्ज पुढच्या बैठकीत घेऊ. तोवर प्रत्येक गटानं गावातल्या दहा सागांचा घेर छातीच्या उंचीवर, 1.37 मीटरवर मोजून वहीत लिहायचा. झाड कोणत्या साली लावलं तेही घरमालकाला विचारा.