न दिसणारा धोका : ओझोनचा थर आणि वसईच्या विहिरी



दरवर्षी १६ सप्टेंबर हा दिवस जागतिक ओझोन दिन म्हणून पाळण्यात येतो. १९८७ साली याच दिवशी कॅनडातील माँट्रियल येथे ओझोनच्या रक्षणाचा करार झाला. आज वसई-विरार शहर महानगरपालिकेत असलेल्या माणिकपूरचा या कराराशी संबंध काय, असा प्रश्न येथील नागरिकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आकाशातील वायूपेक्षा घरच्या नळाची व दारच्या गटाराची चिंता त्यास अधिक असते. जे डोळ्यांना दिसते, जिभेला कळते, त्याचेच भय माणसास प्रथम वाटते.

वसई तालुक्याने याचा अनुभव घेतलेला आहे. येथील केळीच्या, पानवेलींच्या व फुलांच्या वाड्या विहिरींच्या आणि बावखलांच्या गोड्या पाण्यावर पोसल्या गेल्या. किनारपट्टीत हे गोडे पाणी भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी १ फूट उतरली, तर शास्त्रीय हिशेबाने खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर चढते. टँकरने पाणी बाहेर जाऊ लागले, उपसा वाढला आणि विहिरींचे पाणी मचूळ लागू लागले, तेव्हा लोक जागे झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने पाण्याचा बेसुमार उपसा व अनिर्बंध बांधकामे यांविरुद्ध आंदोलन उभारले. धोका पटवून देण्यास घोटभर पाणी पुरेसे होते. परंतु पाणी खारट लागते, तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. जीभ ही साक्षीदार खरी, पण उशिरा येणारी.

ओझोनच्या बाबतीत असा साक्षीदारही नाही. भूपृष्ठापासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर हा वायू विखुरलेला असतो. वातावरणातील सर्व ओझोन जमिनीवरील दाबाखाली एकत्र आणला, तर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा थर होईल. एवढाच पडदा सूर्याचे घातक अतिनील किरण अडवितो. तो झिजला, तर त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू बळावतात, पिकांनाही अपाय होतो. रेफ्रिजरेटर व फवाऱ्याचे डबे यांतील क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंपासून या थरास धोका आहे, हे मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. अंटार्क्टिकावरील थर वसंत ऋतूत फारच विरळ होतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मोजमापांनिशी जाहीर केले. जगाने आकड्यांवर विश्वास ठेवला आणि दोन वर्षांत करार केला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. २००८ मध्ये देशातील या वायूंचे उत्पादन, औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता, थांबविण्यात आले. करार असाच पाळला गेल्यास बहुतेक जगावरील थर २०४० च्या सुमारास व अंटार्क्टिकावरील २०६६ च्या सुमारास १९८० च्या स्थितीस येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘ओझोनला छिद्र पडले’ या शब्दप्रयोगाने लोकांना जागे केले, तसा एक गैरसमजही रुजविला. त्या छिद्रातून ऊन अधिक येते व म्हणून उन्हाळा वाढतो, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ते भोक नव्हे, थराची विरळता आहे. आणि तापमानवाढीचे मुख्य कारण कोळसा व खनिज तेल जाळल्याने साठणारा कार्बन डायऑक्साइड हे होय. तथापि, वातानुकूलन यंत्रांत आलेले काही नवे वायू ओझोनला अपाय करीत नसले, तरी उष्णता रोखून धरतात. यास्तव त्यांचा वापर घटविण्याचा करार २०१६ मध्ये किगाली येथे झाला व भारताने त्यास २०२१ मध्ये मान्यता दिली.

या बाबतीत शिक्षक, अधिकारी व लोकप्रतिनिधी यांची जबाबदारी मोठी आहे. शाळेत हे दोन प्रश्न वेगळे करून शिकवावेत. कार्यालयातील वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती होताना जुना वायू हवेत न सोडता टाकीत भरून घेतला जातो की नाही, हे पाहावे. ग्रामपंचायतीने सार्वजनिक विहिरीची पातळी व पाण्याचा खारेपणा पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासून ते आकडे सर्वांना दिसतील अशा फळ्यावर लिहावेत. बावखल बुजविण्याचा प्रस्ताव आला, तर ते आकडे समोर ठेवूनच निर्णय व्हावा. वर्षानुवर्षांची अशी नोंद गावाजवळ असेल, तर पाणी मचूळ होण्याआधीच उपसा आवरता येईल.