प्रोग्रामिंगची साधना आणि ऑर्गनचे सूर

(संगणक क्षेत्रात काम करणारे तरुण आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मराठी मध्यमवर्गीय घरात संगणक अभियंता असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. हिंजवडी-खराडीपासून बंगळुरू-हैदराबादपर्यंत आणि तेथून सातासमुद्रापार आपली मुलेमुली या क्षेत्रात नाव मिळवीत आहेत. आईवडिलांना त्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. परंतु त्याच घरांतून एक खंतही ऐकू येते. मुलगा रात्री उशिरा घरी येतो, जेवतानाही त्याचे लक्ष पडद्यावर असते. शाळेत असताना शिकलेला तबला माळ्यावर गेला, वाचन सुटले, सणावारालाही मन कचेरीतच अडकलेले असते. या व्यवसायात मोठे व्हायचे तर उरलेले आयुष्य बाजूला सारावेच लागते, अशी एक समजूत रूढ होऊन बसली आहे.

ही समजूत तपासून पाहायची असेल, तर या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एका व्यक्तीचे चरित्र पाहणे उचित ठरेल. ती व्यक्ती म्हणजे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक डोनाल्ड कनूथ. आपल्या मुलांपैकी ज्यांनी संगणकशास्त्राचा रीतसर अभ्यास केला आहे, त्या सर्वांनी हे नाव ऐकलेले असते. त्यांच्या कामाची ओळख अनेकांना असते. ते कसे जगले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

मुद्रकाचा मुलगा

कनूथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी या शहरात झाला. घर ल्यूथरपंथी ख्रिस्ती आणि श्रद्धाळू. वडील हिशेबलेखन शिकवीत आणि जोडीला छोटासा छापखाना चालवीत. ते चर्चमध्ये ऑर्गनही वाजवीत असत. अक्षर, आकडा आणि सूर या तिन्ही गोष्टी मुलाला घरातच मिळाल्या. पुढे त्यांनी आयुष्यभर जे काही केले, त्याची मुळे या घरात सापडतात.

आठवीत असतानाची एक हकिकत प्रसिद्ध आहे. एका चॉकलेट कंपनीने मुलांसाठी स्पर्धा ठेवली होती. 'झीग्लर्स जायंट बार' या नावातील अक्षरे वापरून जास्तीत जास्त शब्द बनवायचे होते. डोनाल्डने पोटदुखीचे निमित्त करून दोन आठवडे शाळा बुडविली, घरातला जाडजूड शब्दकोश समोर ठेवला आणि साडेचार हजारांहून अधिक शब्द काढले. परीक्षकांच्या स्वतःच्या यादीत सुमारे अडीच हजार शब्द होते! बक्षीस म्हणून शाळेला दूरचित्रवाणी संच मिळाला आणि वर्गमित्रांना चॉकलेटे. पोटदुखीच्या बहाण्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण हाती घेतलेली गोष्ट अखेरच्या शब्दापर्यंत नेण्याचा स्वभाव येथेच दिसतो.

सायंकाळचे ते यंत्र

१९५६ साली क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्यांनी पदार्थविज्ञानासाठी प्रवेश घेतला. संगीत की विज्ञान, अशी द्विधा अवस्था तोपर्यंत होतीच. त्या संस्थेत आयबीएम कंपनीचा ६५० क्रमांकाचा संगणक होता. फिरत्या चुंबकी ढोलावर दहा आकडी दोन हजार संख्या मावतील, एवढीच त्याची स्मृती. आज मनगटी घड्याळातही त्याच्या कित्येक पट स्मृती असते. परंतु त्या काळी असे यंत्र विद्यार्थ्याच्या हाती पडणे हेच मोठे भाग्य होते. केसमध्ये ते भाग्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले.

प्रोग्रामिंग शिकविणारा अभ्यासक्रम नव्हता, शिकवणीवर्ग नव्हते. यंत्रासोबत आलेली पुस्तिका कनूथ यांनी वाचून काढली. तीत नमुन्यादाखल काही प्रोग्राम छापलेले होते. ते वाचताना त्यांच्या मनात आले की, हे याहून चांगले लिहिता येईल. तेथून पुढच्या सायंकाळी त्या यंत्राच्या सहवासात जाऊ लागल्या. संख्येचे मूळ अवयव पाडणारा प्रोग्राम त्यांनी आरंभीच लिहिला. पुढे महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापन करताना प्रत्येक खेळाडूचे योगदान मोजणारे सूत्र तयार करून त्यांनी ते संगणकावर चढविले आणि 'न्यूजवीक'सारख्या साप्ताहिकाने त्याची दखल घेतली. १९६० साली त्यांना पदवी देताना संस्थेने त्यांच्या कामाचा दर्जा पाहून पदव्युत्तर पदवीही सोबतच बहाल केली. कॅलिफोर्नियातील कॅलटेकमधून १९६३ मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली.

एका पुस्तकाचे खंड झाले

१९६२ च्या जानेवारीत ॲडिसन-वेस्ली या प्रकाशनसंस्थेने त्यांना एक पुस्तक लिहिण्याची विनंती केली. तेव्हा त्यांचे वय होते चोवीस आणि आदल्या जूनमध्येच जिल यांच्याशी विवाह झालेला होता. बारा प्रकरणांचे एक पुस्तक, एवढीच कल्पना होती. लिहिता लिहिता हस्तलिखित तीन हजार पानांवर गेले आणि एका पुस्तकाची सात खंडांची योजना झाली. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' हे त्या ग्रंथाचे नाव. पहिला खंड १९६८ मध्ये, दुसरा १९६९ मध्ये आणि तिसरा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथाची अर्पणपत्रिका केसमधल्या त्या जुन्या यंत्राला आहे.

एखादे काम संगणकाकडून करून घेण्याच्या अनेक रीती असतात. त्यांतील कोणती किती वेळ घेईल, याचे गणिती मोजमाप करण्याची शिस्त या ग्रंथाने जगाला लावली. तोवर प्रोग्रामिंग बव्हंशी अंदाजाने आणि अनुभवाने चालत असे. कनूथ यांनी त्याला शास्त्राचे अधिष्ठान दिले. १९७४ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांना या क्षेत्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 'अमेरिकन सायंटिस्ट' या नियतकालिकाने १९९९ मध्ये शतकातील बारा श्रेष्ठ विज्ञानग्रंथांची निवड केली, त्यांत या ग्रंथाचा समावेश होता.

अक्षरासाठी दहा वर्षे

येथे या चरित्राला एक अनपेक्षित वळण मिळते. पहिले खंड शिशाचे खिळे जुळवून छापले गेले होते. सत्तरीच्या दशकात ती कला मागे पडली आणि छायाक्षरजुळणीचे तंत्र आले. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे १९७७ मध्ये हाती पडली, तेव्हा मुद्रकाचा हा मुलगा व्यथित झाला. अक्षरे बेढब होती, गणिताची सूत्रे ओबडधोबड दिसत होती. इतक्या वर्षांचे श्रम अशा रूपात वाचकांसमोर ठेवायला मन तयार होईना. पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची संगणकीय प्रणाली स्वतःच लिहायला घेतली. सहा महिन्यांत हे काम आटोपेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे दहा वर्षे लागली.

या प्रणालीचे नाव 'टेक'. कला आणि कौशल्य असा दुहेरी अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे. जोडीला अक्षरांचे आकार गणिताने रेखाटणारी 'मेटाफाँट' ही प्रणालीही त्यांनी घडविली. इंग्रजी 'एस' या अक्षराचे वळण साधेना, म्हणून ते दिवसरात्र झगडत होते. तेव्हा जिल यांनी ते अक्षर 'एस'च्या आकाराचे का काढत नाही, असे विचारल्याची गमतीदार आठवण ते सांगतात.

समर्थांच्या महाराष्ट्राला या ध्यासाचे आश्चर्य वाटू नये. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे, मोकळे आणि अखेरच्या ओळीपर्यंत एकसारखे असावे, हा आग्रह आपल्याकडे साधनेचाच भाग मानला गेला. कनूथ यांनी 'टेक' जगाला विनामूल्य दिली आणि तिची संपूर्ण रचना सर्वांसाठी खुली ठेवली. आज जगभरातील गणिती आपले शोधनिबंध या प्रणालीत सिद्ध करतात. हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्टहुइस यांनी तिच्यासाठी देवनागरी अक्षरे रचली आणि तिचा लाभ संस्कृत, हिंदी, मराठी मजकुरालाही झाला. एका माणसाने आपल्या पुस्तकाची पाने सुबक व्हावीत म्हणून घेतलेले कष्ट असे देवनागरीपर्यंत येऊन पोहोचले.

चूक दाखविणाऱ्याचा सन्मान

आपल्या पुस्तकांतील प्रत्येक चूक प्रथम दाखविणाऱ्याला कनूथ २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवीत असत. २५६ ही संख्या संगणकाच्या गणितात महत्त्वाची असल्याने ही रक्कम ठरली. असा धनादेश मिळालेले बहुतेक लोक तो वटवीत नसत. चौकट करून भिंतीवर लावीत. २००८ मध्ये बँक खात्यांच्या गैरवापराचा धोका वाढल्यावर त्यांनी खऱ्या धनादेशांऐवजी एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे देण्यास प्रारंभ केला. तरीही चुका शोधणाऱ्यांचा उत्साह ओसरला नाही. आपल्या कामात दोष दाखविणारा माणूस आपला हितचिंतक आहे, ही वृत्ती अंगी बाणवणे किती अवघड असते, हे कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

प्रोग्राम हा माणसाने माणसासाठी लिहिलेला निबंध असावा, संगणकाला तो कळणे पुरेसे नाही, असे मत त्यांनी १९८४ साली मांडले. उद्या आपल्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याला आपण लिहिलेले वाचता यावे, समजावे, ही काळजी त्यामागे आहे.

नकार देण्याचे बळ

हे सारे वाचून कनूथ म्हणजे अविरत राबणारे यंत्र, असे वाटण्याचा संभव आहे. एके काळी तेही त्याच वाटेवर होते. अध्यापन, संशोधन, ग्रंथलेखन, नियतकालिकांची संपादक मंडळे, घरी लहान मुले. वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, १९६७ च्या उन्हाळ्यात, त्यांना पोटात व्रण होऊन आजारपण आले. शरीराने दिलेली ही सूचना त्यांनी मानली. हाती घेतलेल्या जबाबदाऱ्या कमी केल्या आणि कशाला होकार द्यायचा, याचा विचार ते करू लागले.

१ जानेवारी १९९० पासून त्यांनी ई-मेल वापरणे बंद केले. जवळजवळ पंधरा वर्षे ते ई-मेल वापरत होते, म्हणजे जगाला ती ठाऊक होण्याच्याही आधीपासून. सतत अद्ययावत राहणे हे काहींचे काम असते. आपले काम एखाद्या विषयाच्या तळाशी जाण्याचे आहे आणि त्यासाठी अखंड एकाग्रता लागते, अशी त्यांची भूमिका होती. लोकांनी टपालाने पत्रे पाठवावीत, सवडीने ती एकत्र वाचली जातील, हा नियम त्यांनी घालून दिला. पुढे ग्रंथ पूर्ण करण्यासाठी ते मुदतीपूर्वीच अध्यापनातून निवृत्त झाले. आपल्या मुलांना नोकरीत ई-मेल सोडता येणार नाही, हे उघड आहे. तथापि दिवसातील काही तास कोणाच्याही हाकेला ओ न देता एका कामात बुडून जाणे, हे ठरविले तर पुष्कळांना साधू शकेल.

सूर आणि श्रद्धा

वाचविलेला वेळ त्यांनी केवळ ग्रंथाला दिला नाही. विद्यार्थिदशेत मागे ठेवलेले संगीत त्यांनी सोडले नव्हते. आपल्या घरात त्यांनी पाइप ऑर्गन बसवून घेतला आणि त्यावर नियमित वादन चालू ठेवले. पुढे त्यांनी 'फँटेशिया अपोकॅलिप्टिका' ही ऑर्गनवरची दीर्घ संगीतरचना केली. बायबलच्या अखेरच्या ग्रंथावर ती बेतलेली आहे. १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वीडनमधील पिटिओ येथे तिचे प्रथम वादन झाले.

गणितज्ञाला श्रद्धेची लाज वाटली पाहिजे, असे त्यांना कधी वाटले नाही. आपल्या चर्चमधील अभ्यासवर्गासाठी त्यांनी बायबलच्या प्रत्येक ग्रंथातील तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन निवडून त्याचा अभ्यास केला. त्यातून १९९१ मध्ये पुस्तक सिद्ध झाले. जर्मनीचे विख्यात अक्षरकार हेरमान झाप्फ यांच्या साहाय्याने देशोदेशीच्या सुलेखनकारांनी ती वचने त्यासाठी रेखाटली. १९९९ मध्ये एमआयटीसारख्या संस्थेत त्यांनी श्रद्धा आणि विज्ञान या विषयावर जाहीर व्याख्याने दिली. पंथ वेगळा असला, तरी आपल्या परंपरेकडे अभ्यासकाच्या शिस्तीने आणि आदराने पाहण्याची ही रीत आपल्यालाही आपलीशी वाटण्याजोगी आहे.

कुटुंबाचा सहभागही विसरता येणार नाही. १९७३ च्या आरंभी ते सहकुटुंब नॉर्वेत असताना एका गणिती कल्पनेवर छोटी कादंबरी लिहावी, असे त्यांच्या मनाने घेतले. जिल यांच्या संमतीने त्यांनी ऑस्लोतील एका हॉटेलात आठवडाभर मुक्काम करून ती लिहून काढली. प्रवासात दोघे मिळून रस्त्याकडेच्या चौकोनी सूचनाफलकांची छायाचित्रे जमवितात. मोठ्या माणसाचे असे साधे छंद पाहिले की मन प्रसन्न होते.

अपूर्ण ग्रंथ

आता एक आक्षेप. अक्षरांसाठी दहा वर्षे आणि ऑर्गनसाठी इतका काळ घालविला नसता, तर ग्रंथ पूर्ण झाला नसता का? तिसऱ्या खंडानंतर चौथ्याचा पहिला भाग यायला २०११ साल उजाडले, म्हणजे अडतीस वर्षे लागली. त्याचा दुसरा भाग २०२२ मध्ये आला. पंच्याऐंशी ओलांडल्यावरही ते लिहीत आहेत, मात्र सातही खंड पूर्ण होतील, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. हे नुकसान खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु ज्या स्वभावाने अक्षर देखणे व्हावे म्हणून दशक खर्ची घातले, त्याच स्वभावाने तो ग्रंथही इतका निर्दोष घडला. एकाला वजा करून दुसरे मिळविता आले नसते. ऑर्गनवर बसणारा, वचनांचा अर्थ शोधणारा आणि प्रोग्रामची ओळन् ओळ तपासणारा माणूस एकच आहे. 'टेक'बद्दलही त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे की, आपल्या मृत्यूनंतर तिच्यात बदल करू नये. प्रत्येक सुधारणेनंतर तिच्या आवृत्तीचा क्रमांक 'पाय' या संख्येच्या अधिक जवळ जातो. अखेरीस तो 'पाय' म्हणूनच स्थिर होईल. एखादी चूक राहिलीच, तर तीही तिचे वैशिष्ट्य मानावी, असे त्यांचे सांगणे आहे.

सज्जनहो, आपल्या घरातील अभियंत्यांकडून प्रत्येकाने कनूथ व्हावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. पण पगाराचा आकडा विचारण्यापूर्वी आईवडिलांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. जे काम करतोस ते अखेरच्या ओळीपर्यंत नीट झाले का? आणि या आठवड्यात तबल्यावर हात ठेवलास का? असे प्रश्न ज्या घरात विचारले जातात, त्या घरातील मुलगा कामात मागे पडत नाही आणि घरालाही परका होत नाही.