कोटी आणि करामत

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल की, मराठीच्या अध्यापकाने जादूगाराच्या वाटेला जाण्याचे कारण काय? कारण आपल्या काव्यशास्त्रातच आहे. कवितेने वाचकाला जो विस्मययुक्त आनंद मिळतो त्याला आपल्या आलंकारिकांनी ‘चमत्कार’ असे नाव दिले. रिकाम्या टोपीतून कबुतर निघाले म्हणजे आपण जो शब्द उच्चारतो तोच हा शब्द. ग्रंथपालांना विचारले तर तेही साक्ष देतील. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात जादूच्या खेळांचा क्रमांक ७९३.८ आहे आणि शब्दकोड्यांचा त्याच्या अगदी अलीकडे, ७९३.७ मध्ये. फळीवर ही पुस्तके खांद्याला खांदा लावून उभी असतात. भुताखेतांची आणि मंत्रतंत्राची पुस्तके मात्र पार दूर, १३३ मध्ये. जादूगाराने मांत्रिकापेक्षा शब्दकोडेवाल्याच्या शेजारी बसावे, हे मला फार योग्य वाटते.

शब्दश्लेषाला मराठीत आपण ‘कोटी’ म्हणतो. संस्कृतात या शब्दाचे मूळचे अर्थ टोक, कड असे. संख्येचा अर्थ आहेच. न्यायशास्त्रात संशयाला दोन कोटी असतात असे सांगतात. अंधुक उजेडात दिसणारी आकृती खांब आहे की माणूस, असा प्रश्न पडतो तेव्हा मन या दोन टोकांमध्ये झुलत असते. कोटी ऐकताना क्षणभर आपले तेच होते आणि जादू पाहतानाही तेच होते. एका शब्दात दोन अर्थ दडवणे आणि एका पेटीत दोन तळ दडवणे, ही एकाच घराण्याची कारागिरी आहे. फरक एवढाच की, कोटी करणारा दुसरा तळ लगेच उघडून दाखवतो आणि जादूगार तो कधीच दाखवत नाही.

आपल्या आलंकारिकांनी श्लेषाचे सभंग आणि अभंग असे दोन प्रकार केले. शब्द फोडून दुसरा अर्थ निघाला तर सभंग, न फोडता निघाला तर अभंग. दोन्ही रंगमंचावर चालतात. जादूगार प्रेक्षकाकडून नोट मागून घेतो, रुमालात गुंडाळतो आणि म्हणतो, “रुमाल म्हणजे काय? ‘रु.’ तुमचे आणि माल माझा.” हा सभंग श्लेष. दोरीला गाठ मारताना तो समोरच्या गृहस्थांना विचारतो, “आपली गाठ पूर्वी कधी पडली होती का?” हा अभंग. एखाद्याची टोपी मागून घेऊन, “आज तुमचीच टोपी तुम्हाला घालतो,” असे म्हटले की सभागृह हसते. टोपी घालण्याचा दुसरा अर्थ आपण सगळे व्यवहारात शिकलेलो आहोत.

पत्त्यांच्या खेळाला तर मराठीसारखी भाषा नाही. आपल्याकडे ‘पत्ता’ खेळण्याचा आणि घराचाही. “तुमचा पत्ता मला सांगू नका, मी शोधून काढतो” या एका वाक्यावर जादूगार पाच मिनिटे काढू शकतो. शिवाय ‘पान’ आहे: पुस्तकाचे पान, विड्याचे पान, जेवणाचे पान आणि पत्त्याचे पान. ‘हुकूम’ आज्ञेचाही आणि पत्त्यांतलाही. इतके दारूगोळ्याचे कोठार हाताशी असताना आपले काही जादूगार परभाषेतले विनोद उसने आणतात, याचे मला नवल वाटते.

उसना विनोद कसा फसतो याचे एक उदाहरण सांगतो. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोंत नावाचा प्रसिद्ध जादूगार होता. ज्याच्या नावावरून पुढे हुडिनीने आपले नाव बनवले, त्या रोबेर ऊदँ या थोर जादूगाराने आत्मचरित्रात कोंतचा एक किस्सा नोंदवला आहे. राजा अठरावा लुई याच्यासमोर प्रयोग चालला होता. कोंतने राजाकडून ‘हृदयांचा राजा’ हे पान काढवले आणि तो समोरच्या फुलदाणीत प्रकट होईल असे जाहीर केले. प्रत्यक्षात फुलांतून वर आला तो खुद्द लुईचा छोटा अर्धपुतळा. राजा म्हणाला, “हे तर ठरल्यासारखे झाले नाही.” कोंतने नम्रपणे उत्तर दिले की, आपण शब्द पाळला आहे, सगळ्या हृदयांचा राजा हाच नव्हे काय? येथे कोटी हेच जादूचे शिखर आहे. ती काढून घेतली तर उरतो फुलदाणीतला एक पुतळा. आता हा प्रयोग मराठीत करून पाहा. आपल्याकडे त्या पानाला म्हणतात बदामाचा राजा! राजेसाहेबांना ‘सकल बदामांचे अधिपती’ म्हटले तर बक्षिसाऐवजी काय मिळेल ते सांगता येत नाही. कोटी भाषेच्या मातीत उगवते. तिचे रोप दुसरीकडे लावले की ते मरते.

आता कोटीचा जादूला प्रत्यक्ष उपयोग कसा होतो, त्याकडे वळू. पहिला उपयोग जाणकारांना ठाऊकच आहे. माणूस हसतो त्या क्षणी त्याचे लक्ष सैल पडते. मान मागे जाते, डोळे बारीक होतात, शेजाऱ्याकडे पाहिले जाते. जादूगाराच्या डाव्या हाताला तेवढा अवधी पुरतो. लांबलचक गोष्ट सांगून हशा मिळवायचा तर प्रेक्षक आधीपासून सावध बसतो. कोटी मात्र चिमटीएवढी असते आणि बेसावध गाठते.

दुसरा उपयोग सूक्ष्म आहे आणि भाषेच्या अभ्यासकाला तो अधिक मोलाचा वाटावा. येथे कोटी होते, पण ती झाल्याचे कोणाला कळत नाही. टेबलावर लाल आणि निळा असे दोन रुमाल आहेत. जादूगाराला लाल हवा आहे. तो म्हणतो, “यांतला एक काढा.” प्रेक्षकाने लाल उचलला तर, “छान, तुम्ही हा काढलात, आता याच्यावर प्रयोग करू.” निळा उचलला तर, “ठीक, निळा काढला; राहिला लाल.” ‘काढणे’ म्हणजे निवडून घेणे आणि ‘काढणे’ म्हणजे वगळणेही. प्रेक्षक घरी जाऊन शपथेवर सांगतो की, निवड सर्वस्वी माझी होती. शुद्धतेच्या आग्रहापायी एखादा जादूगार “यांतला एक निवडा” असे म्हणाला तर बुडालाच म्हणून समजावे. एवढे गुपित फोडल्याबद्दल जादूगार मंडळींनी क्षमा करावी. मी ते व्याकरणाचे उदाहरण म्हणून फोडले आहे.

कोटीची हौस जादूला घातकही ठरते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या कोटिबाजपणाविषयी जी तक्रार त्यांचे चाहतेसुद्धा करीत, तीच येथे लागू पडते: एकीचा आनंद घ्यावा तोच दुसरी येऊन तिला ढकलते. माझ्या मते कोटीची जागा चमत्काराच्या आधी आहे, नंतर नाही. पिंजऱ्यातला पक्षी नाहीसा झाला आणि सभागृह स्तब्ध झाले, त्या क्षणी जादूगाराने “पक्ष सोडून पक्षी गेला” असे म्हणू नये. ती स्तब्धता त्याची खरी कमाई असते. पी. सी. सरकारांनी एप्रिल १९५६ मध्ये लंडनला बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात एका तरुणीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला. तिला उठवण्याचा प्रयत्न केला, मान हलवली आणि चेहऱ्यावर कापड ओढले. कार्यक्रम तेथेच संपला. घाबरलेल्या प्रेक्षकांचे इतके दूरध्वनी आले की बीबीसीची तारांबळ उडाली. तेथे एका कोटीने सगळ्यावर पाणी पडले असते. गंमत अशी की, याच सरकारांनी आपले आडनाव इंग्रजीत ‘सॉर्कार’ वाचले जाईल अशा रीतीने लिहायला सुरुवात केली. इंग्रजीत चेटक्याला ‘सॉर्सरर’ म्हणतात. एक कायमची कोटी आडनावात करून ठेवली आणि रंगमंचावर ते मौन पाळायला मोकळे झाले.

उलट टोकाला इंग्लंडचा टॉमी कूपर. त्याची जादू मुद्दाम फसायची आणि तो कोट्या करीत सुटायचा. १५ एप्रिल १९८४ रोजी दूरदर्शनवरील थेट प्रक्षेपणात तो रंगमंचावर कोसळला, तेव्हा तो विनोदच समजून प्रेक्षक हसत राहिले. हृदयविकाराने त्याचा तेथेच अंत झाला होता. इतक्या हशाची सवय लावली की खऱ्या गोष्टीला जागा उरत नाही, असे त्या प्रसंगाविषयी वाचताना वाटले.

आणखी एक पथ्य. रंगमंचावर बोलावलेल्या बाईंच्या नावावर, मुलाच्या जाडेपणावर कोटी करू नये. त्या व्यक्तीला उत्तर देण्याची सोय नसते. संस्कृत नाटकातला विदूषक स्वतःच्या खादाडपणावर हसवत असे, हे त्याचे शहाणपण होते.

आपण महाराष्ट्राबाहेर, इंदुरात राहतो, म्हणून हा विषय मला अधिक जवळचा. रघुवीर भोपळे अर्थात जादूगार रघुवीर यांनी पुण्यात मराठी जादूची परंपरा रुजवली, ती त्यांच्या मुलाने आणि नातवाने पुढे चालवली. तेथे प्रेक्षक एकभाषी असतो असे धरून चालता येते. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात मात्र जादूगाराला प्रत्येक वाक्य तोलावे लागते. एकदा एका तरुण जादूगाराने पेटी उघडून दाखवत हिंदीत सांगितले, “देखिए, पेटी खाली है.” पुढच्या रांगेतली एक मराठी चिमुरडी चटकन वाकून टेबलाखाली पाहू लागली. जादूगार मराठीच होता. पुढच्या प्रयोगापासून त्याने ते वाक्यच पकडले: “पेटी खाली है” म्हणायचे, मग स्वतःच टेबलाखाली वाकायचे, आणि मुले तिकडे पाहत असताना पेटीचे काम उरकायचे. ही कोटी पुण्यात सुचणार नाही आणि लखनौतही नाही. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांचीच ती मिरास आहे.

पण ती कोणाला कळली, याकडेही मी पाहत होतो. आजी-आजोबा हसले, त्यांची मुले किंचित उशिरा हसली, नातवंडांपैकी निम्मी इतरांना हसताना पाहून हसली. वर्गातही हाच अनुभव येतो. परकी भाषा शिकताना व्याकरण लवकर येते, शब्दसंग्रह सावकाश येतो आणि कोटी सर्वांत शेवटी कळते. भाषा हातची जाऊ लागली की हा क्रम उलटतो: सर्वांत आधी कोटी निसटते. मातृभाषा मराठी आहे की नाही हे जनगणनेच्या रकान्यात नोंदवले जाते. ‘पान’ म्हटल्यावर मुलाच्या डोळ्यांपुढे किती पाने येतात, याची नोंद कोणी करीत नाही.

जादूगारांची ही बोलणी कोठे छापलेली नाहीत. आपल्या संग्रहात जादूची जी पुस्तके आहेत त्यांत कृती दिली आहे; तोंडाने काय म्हणायचे ते क्वचितच. जत्रेतला गारुडी, लग्नघरी येणारा हौशी जादूगार, शाळेतले एखादे चित्रकलेचे मास्तर यांच्या तोंडची वाक्ये ज्येष्ठ सभासदांना अजून आठवत असतील. ग्रंथपालांनी माझ्या विनंतीवरून देवघेवीच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. आठवेल ते वाक्य, शक्य असेल तर गाव आणि साल यांसह, तीत लिहावे. पहिल्या पानावर ‘रु.’ आणि ‘माल’ मी लिहून ठेवले आहेत.